विडीचा कारखाना घरात आला तो असा

सोलापूरच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेली विणकर पद्मशाली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पुरुष मागावर नाहीतर गिरणीत, बायका विडीवर, अशी वाटणी इथे रुळली. पुढे एकेक गिरणी बंद पडली आणि कित्येक घरांची चूल विडीवरच पेटू लागली.

1966 साली विडी कामगारांसाठी केंद्राने कायदा केला. कामाच्या जागी स्वच्छता हवी, हवा खेळती हवी, दाटी नको, असं त्यात स्पष्ट लिहिलं. पण कामाची जागा कोणती, हे ठरवताना राहतं घर वगळलं. देशभरातल्या मालकांनी हिशेब ओळखला. पान-तंबाखू घरी धाडली की जागेचा, दिव्याचा, खिडकीचा खर्च बाईच्या माथी. मजुरी मात्र हजार विड्यांमागेच.

बाईच्या त्या एका खोलीच्या घरात काय चालतं? भिजवलेलं तेंदूपान कात्रीने बेतायचं, मांडीवरच्या सुपातली चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, तोंड मुडपून दोरा बांधायचा. दिवसभर मान खाली, पाठ वाकलेली. तंबाखूची भुकटी नाकात जाते, निकोटिन ओल्या बोटांतून अंगात उतरतं. चूल तिथेच, तान्हं मूलही तिथेच. खोकला आणि दमा अशा घरांची पायरी चढतात, त्याला बाईची हयगय नव्हे, खोलीची रचना कारण आहे.

इलाजासाठी 1976 मध्ये विडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभारला. दवाखाने त्यातून चालले. 2017 मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला.

इलाजाप्रमाणेच घरांसाठीही कामगार बायका कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली लढल्या. सोलापूरजवळच्या कुंभारीत कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरकुलं झाली. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती मिळाली. सोलापूरकर या वसाहतीला ‘विडी घरकुल’च म्हणतात. पुढे तिथेच रे नगर उभं राहिलं. 30 हजार घरांपैकी 15 हजारांचं हस्तांतर 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केलं.

पक्की भिंत आणि स्वतःच्या नावाचा उतारा ही मोठी कमाई आहे. पण सूप अजून घरातच आहे. विडी कामगारांच्या वस्तीचा नकाशा काढताना चार गल्ल्यांमागे एक हवेशीर कामशेड काढा. घर राहण्यापुरतं मोकळं झालं, तरच त्या घरकुलाचा उपयोग छातीला होईल.