माजघराला जाणारी एकच वाट

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंतचं. मेंदूविषयी बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की आमच्या मामूंमुळे मला हा विषय वाचावा लागला.

एके दिवशी मामू फजरच्या नमाजला उठले नाहीत. हलवलं की डोळे उघडत, काहीतरी पुटपुटत आणि पुन्हा झोपत. हातपाय हलत होते, तोंड वाकडं नव्हतं. साखर तपासली, ठीक. डोक्याचा सीटी स्कॅन काढला, स्वच्छ. मग डॉक्टरांनी मुमानीला बाजूला घेऊन विचारलं, "यांनी झोपेच्या गोळ्या घेतल्या का? घरात काही भांडण?" मुमानीनं घरी येऊन ट्रंक उपसली, गाद्या उलटल्या. एकही गोळी सापडली नाही, पण मोहल्ल्यात कुजबुज व्हायची ती झालीच. तिसऱ्या दिवशी एमआरआय काढला. मेंदूच्या अगदी मध्यभागी, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे दोन पांढरे डाग. तो पक्षाघात होता.

त्या जागेला थॅलॅमस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घरातली आतली खोली. आपण माजघर म्हणू. एक वास सोडला, तर स्पर्श, दृष्टी, आवाज सगळं या माजघरातून पुढे जातं. माणसाला जागं ठेवण्याचं कामही बरंचसं इथलंच.

या खोलीतल्या आजाराची पहिली नीट ओळख पॅरिसमध्ये पटली. ज्यूल देजेरीन आणि गुस्ताव रुसी यांनी १९०६ साली 'थॅलॅमिक सिंड्रोम'चं वर्णन केलं : एका बाजूची संवेदना हरवते आणि त्याच बाजूला असह्य वेदना होतात. त्या काळी रोगी जिवंत असताना त्याच्या तक्रारी लिहून ठेवायच्या आणि जागेची खात्री मृत्यूनंतर मेंदू कापून करायची. निदान पक्कं व्हायचं, पण रोग्याला त्याचा उपयोग शून्य!

पण मामूंना वेदना नव्हत्या, झोप होती. तिचं उत्तर १९७३ सालच्या एका निबंधात आहे. जेरार पेर्शरों या फ्रेंच संशोधकानं थॅलॅमसला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्यांचा नकाशा मांडला. सहसा डाव्या भागाला डावीकडून रक्त येतं, उजव्याला उजवीकडून. काही माणसांत मात्र एकाच बाजूनं एकच धमनी निघते आणि पुढे फुटून दोन्हीकडे जाते. तिला आता पेर्शरोंची धमनी म्हणतात. ती असणं हा रोग नाही. माणूस जन्मभर ती बाळगतो आणि त्याला पत्ताही नसतो. तिच्यात गुठळी अडकली, की दोन्ही खोल्यांतले दिवे एकदम जातात. असे रोगी थोडे, मेंदूचा रक्तपुरवठा तुटलेल्या शंभरांत फार तर एक-दोन. त्यांचे हातपाय अनेकदा चालू असतात, म्हणून संशय नशेवर, तापावर, नाहीतर मनावर जातो.

यंत्रंही हळूहळूच आली. सीटी स्कॅननं जिवंत माणसाचा मेंदू पहिल्यांदा १९७१ साली लंडनमध्ये पाहिला. तो बनवणारे हाऊन्सफील्ड 'ईएमआय'चे. हो, ज्यांच्या तबकड्या आपण ऐकल्या तीच कंपनी. पण अशा पक्षाघातात पहिल्या काही तासांत सीटी बहुधा काहीच दाखवत नाही. पाण्याच्या कणांची हालचाल टिपणारी 'डिफ्यूजन' एमआरआय १९८०च्या दशकात आली, आणि १९९० साली मांजरांवरच्या प्रयोगात दिसलं, की मेंदूचं रक्त तुटल्यावर तासाभराच्या आतच तिच्यात डाग उमटतो. हा वेळ महत्त्वाचा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मामूंचे तीन दिवस गेले होते. अर्थात, झोपेतच हे घडलं असेल तर घड्याळ कधी सुरू झालं हे कोण सांगणार? मी डॉक्टरांना दोष देत नाही. पण भांडणाचा प्रश्न आधी आणि एमआरआय नंतर, हा क्रम मला अजून टोचतो.

मामू वाचले. मात्र सकाळी सांगितलेलं दुपारी आठवत नसे, आणि बुबुळं वर जात नसत. ईदचा चाँद पाहायला त्यांना सगळी मान मागे टाकावी लागायची. मुमानीनं ती एमआरआयची फिल्म ट्रंकेत जपून ठेवली. घरी कोणी आलं, की उजेडाकडे धरून ती दाखवायची, "हे बघा, हे दोन डाग."