निन्टेंडोचा 'वी': नवे आले, जुने दुखावले

१/ निन्टेंडोचा गेमक्यूब हा कन्सोल सोनीच्या प्लेस्टेशन २ पुढे निष्प्रभ ठरला. त्याची विक्री सुमारे २ कोटी १७ लाखांवर थांबली. तेव्हा अध्यक्ष सातोरू इवाता यांनी अधिकाधिक शक्तिमान यंत्रांची शर्यतच सोडली.

२/ नोव्हेंबर २००६ मध्ये 'वी' आला. हातातला रिमोट फिरवला की पडद्यावर टेनिसची रॅकेट फिरे. कधीही न खेळलेले आजी-आजोबाही खेळू लागले. विक्री १० कोटींच्या पुढे गेली.

३/ 'झेल्डा', 'मेट्रॉइड' यांच्या नव्या भागांसाठी वर्षानुवर्षे थांबणारा चाहता मात्र दुखावला. २००८ च्या ई-३ प्रदर्शनात 'वी म्युझिक'ला मानाचे स्थान मिळाले आणि हा रोष उघड झाला.

४/ तो निव्वळ अहंकार नव्हता. फावल्या वेळात खेळणाऱ्यांची करमणूक लवकरच स्मार्टफोनवर गेली. २०१२ चा 'वी यू' सुमारे १ कोटी ३५ लाखांवरच अडला. नावाचा गोंधळ आणि खेळांची चणचण हीही त्याची कारणे होती.

५/ मार्च २०१७ मध्ये 'स्विच' आला, तो पहिल्याच दिवशी नवा 'झेल्डा' घेऊन. नव्या ग्राहकाने निन्टेंडोला वैभव दिले. पडत्या काळानंतर तिने हाक मारली ती जुन्या खेळाडूलाच.