केटीएलए मॉर्निंग न्यूज : लॉस एंजेलिसची लाइव्ह सकाळ

भूकंप होताच टेबलाखाली शिरणारे दोन न्यूज अँकर तुम्ही मोबाइलवर पाहिले असतील. १७ मार्च २०१४ ची ही क्लिप, भूकंप ४.४ चा. अँकर होते ख्रिस शॉबल आणि मेगन हेंडरसन. मी आधी हसलो. नंतर कळलं, भूकंपात करायचं ते नेमकं हेच!

लॉस एंजेलिसच्या केटीएलए चॅनेलवर हा कार्यक्रम ८ जुलै १९९१ ला सुरू झाला. न्यूयॉर्कचे सकाळचे मोठे शो तिथे तीन तास उशिरा, रेकॉर्ड केलेले दिसतात. त्यात तुमच्या रस्त्यावरचा ट्रॅफिक जाम कुठून दिसणार?

इथे केटीएलएचा हात धरणारं कोणी नव्हतं. १९५८ मध्येच त्यांचे इंजिनिअर जॉन सिल्वा यांनी छोट्याशा बेल हेलिकॉप्टरमध्ये कॅमेरा आणि ट्रान्समीटर बसवून थेट चित्र खाली पाठवलं होतं. तेव्हाची अवजड यंत्रं बघता हे भलतंच धाडस. टीव्ही बातम्यांसाठीचं जगातलं ते पहिलं हेलिकॉप्टर.

काही सेकंद आधी इशारा देणारं मायशेक ॲप कॅलिफोर्नियात आलं २०१९ ला. शॉबल-हेंडरसनना मात्र कळलं ते स्टुडिओ हलल्यावरच.