पानाची विद्या

चामोर्शीच्या परिसरांत सूर्यतेजाचे दोन साठे जवळ-जवळ आढळतात. एक साग-मोहाच्या रानाचा. दुसरा शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील भूगर्भांत दडलेल्या कोळशाचा. पहिला आजच्या उन्हाचा, दुसरा २५ कोटि वर्षांहूनहि जुन्या उन्हाचा. कार्बन डायऑक्साइड वायु आणि पाणी यांपासून जळणारें द्रव्य घडविण्याची विद्या झाडाच्या पानाला साधली आहे. कोळसा जाळणारा मनुष्य मात्र तोच वायु हवेंत सोडीत आला.

मनुष्यानें पानाची ही विद्या शिकावी, असा आग्रह इटलींतील बोलोन्याचे रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान यांनीं धरला. १९१२ सालीं न्यूयॉर्क येथील व्याख्यानांत त्यांनीं ओसाड प्रदेशांत कांचेच्या नळ्यांतून चालणाऱ्या कारखान्यांचें चित्र रेखाटलें. परंतु हरितद्रव्याच्या जागीं काय योजावें, हा प्रश्न उरलाच.

उत्तराचा धागा त्याहून जुना होता. १८३९ मध्यें फ्रान्सचे एदमों बेकेरेल यांना, द्रवांत बुडविलेल्या धातुपत्र्यावर प्रकाश पडतांच वीज वाहत असल्याचें दिसलें. पुढें अर्धवाहकांचें ज्ञान वाढलें. पुरेशा शक्तीचा प्रकाशकण अर्धवाहकावर पडला कीं आंतील इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि मागें एक रिती जागा राहते. या दोहोंकडून निरनिराळ्या रासायनिक क्रिया करवितां येतात. १९७२ मध्यें जपानचे फुजिशिमा व होंडा यांनीं टायटॅनियम डायऑक्साइड योजून प्रकाशाच्या साहाय्यानें पाण्याचें विघटन केलें. १९७८ मध्यें इस्रायलचे हालमन यांनीं गॅलियम फॉस्फाइड योजून, आणि १९७९ मध्यें इनोउए, फुजिशिमा प्रभृति संशोधकांनीं पाण्यांत अर्धवाहकांची भुकटी कालवून, कार्बन डायऑक्साइडपासून फॉर्मिक आम्ल, फॉर्माल्डिहाइड व मिथेनॉल मिळविलें.

मिथेनॉल हें इंधन खरें. पण तें निघालें अत्यल्प. टायटॅनियम डायऑक्साइड मुख्यतः अतिनील किरणच शोषितें, आणि उन्हांत त्यांचा वांटा शेंकडा सुमारें ५ च असतो. दृश्य प्रकाश घेणारे कित्येक अर्धवाहक पाण्यांत झिजतात. शिवाय कार्बन डायऑक्साइडचा रेणु मोठा हट्टी. त्याच्या वांट्याचे इलेक्ट्रॉन पाण्यापासून हायड्रोजन बनविण्यांतच खर्च होतात.

तरीहि शोध थांबलेला नाहीं. चामोर्शी तालुक्यांतील कोनसरीला आज लोहाचा कारखाना आहे, आणि जेथें जेथें कोळशावर लोह घडतें तेथें तेथें हा वायु निघतोच. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा सुमारें ०.०४ एवढेंच, धुरांड्यांत तें कितीतरी अधिक. त्या वायूचें उन्हाच्या बळावर पुनः इंधन झालें, तर तितका कोळसा भूमींतच राहूं शकेल. परंतु हें कृत्रिम पान अद्याप बहुतांशीं प्रयोगशाळेंतच आहे. वैनगंगेकांठचें रान मात्र तेंच काम नित्य करीत आहे. दुसऱ्याची वाट पाहतांना पहिल्याची तोड होऊं न देणें, एवढें तरी मनुष्याच्या हातीं आहे.