स्टेरॉईड, हाडं आणि 'ताकदीची' गोळी

संधिवात, दमा, ल्युपस... घरात कुणी यासाठी बरेच महिने स्टेरॉईड घेत असेल, तर प्रिस्क्रिप्शनच्या खालच्या ओळीत बहुतेकदा कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व असतं. मेडिकलचं बिल कमी करायचं झालं की पहिली काट हिलाच: 'ताकदीची तर गोळी आहे!' ती तिथे आली कशी, ते आज बघू.

१९३२ साली अमेरिकन न्यूरोसर्जन हार्वी कुशिंग यांनी १२ रुग्णांचं वर्णन छापलं. गोल चेहरा, सुटलेलं पोट, पाठीला बाक आणि ठिसूळ हाडं. त्यांनी दोष मेंदूखालच्या पिट्युइटरी ग्रंथीवर ठेवला. पुढे उलगडलं की ही ग्रंथी मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींना कामाला जुंपते, आणि शरीरात कॉर्टिसॉल भरमसाट बनतं.

आता सप्टेंबर १९४८, मिनेसोटातलं मेयो क्लिनिक. संधिवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला फिलिप हेंच यांच्या टीमने 'कम्पाउंड ई'ची इंजेक्शनं सुरू केली, रोज १०० मिलिग्रॅम. आठवड्याभरात बाई खरेदीला बाहेर! हेच कॉर्टिसोन. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइकश्टाइन यांना नोबेल मिळालं. पण औषध जास्त दिवस घेणाऱ्यांचे चेहरे गोल होऊ लागले, मणके दबू लागले. कुशिंग यांच्या पेपरमधलंच चित्र, फक्त आता ते इंजेक्शनातून येत होतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत हा 'नोन इश्यू'. रिलीजच्या १६ वर्षं आधीच नोंदवलेला!

होतं काय, तर हाड रोज थोडं पाडलं जातं, थोडं बांधलं जातं. स्टेरॉईड बांधणाऱ्या पेशींना सुस्त करतं. शिवाय आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीतून जास्त जातं. 'ड' जीवनसत्त्व आतड्यातलं शोषण वाढवतं. मग द्या की 'ड'! लॉजिक सोपं आहे, पण नुसत्या लॉजिकवर औषध ठरत नाही.

१९९६ साली लेनोर बकली आणि सहकाऱ्यांची दोन वर्षांची चाचणी छापून आली. संधिवाताचे रुग्ण, रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ५०० युनिट 'ड'. प्रेडनिसोन घेणाऱ्यांपैकी ज्यांना डमी गोळी मिळाली, त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता वर्षाला २ टक्क्यांनी घटली. खरी गोळी मिळालेल्यांची ०.७२ टक्क्यांनी वाढली. स्टेरॉईड न घेणाऱ्यांना मात्र त्याच गोळीने काही फरक पडला नाही. माझ्या मते खरी बातमी ही आहे. माझी आई प्रेडनिसोलोन घेते, तिच्यासाठी ही गोळी ताकदीची नाही, ती स्टेरॉईडची जोडीदार आहे.

पण थांबा, त्याच वर्षी दुसऱ्या एका चाचणीत आठवड्याला ५०,००० युनिट 'ड' आणि सोबत कॅल्शियम तीन वर्षं दिलं गेलं. फायदा सुरुवातीला दिसला, टिकला नाही. आपल्याकडच्या ६०,००० वाल्या गोळीचे भक्त इथे नाराज होतील. मग १९९८ मध्ये अलेन्ड्रोनेट या हाडांच्या औषधाने घनता वाढते, हे दिसलं. त्या चाचणीत कॅल्शियम आणि 'ड' सगळ्यांनाच दिलेलं होतं, डमी गोळीवाल्यांनाही.

तेव्हा स्टेरॉईड तीन महिन्यांच्या पुढे जाणार असेल, तर डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: डेक्सा स्कॅन लागेल का, आणि 'ड'चा डोस किती? आणि घाबरून स्टेरॉईड स्वतःहून बंद करू नका. बाहेरून आयतं मिळतंय म्हणून ॲड्रिनल ग्रंथी झोपलेल्या असतात, त्यांना जागं व्हायला वेळ लागतो. म्हणून डोस हळूहळूच उतरवतात.