मोजलेला प्रेक्षक आणि न संपणारी गोष्ट

हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या साप्ताहिकाला 'करमणूक' हे नाव दिले. त्या शब्दाविषयी त्यांना संकोच वाटल्याचे कोठे दिसत नाही. 'पण लक्षात कोण घेतो?' ही मराठी कादंबरीच्या इतिहासातील निर्णायक कृती याच 'करमणुकी'त क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि आपल्या वाङ्मयेतिहासाने तिला मानाचे स्थान देताना ती कोणत्या नावाच्या पत्रातून आली याची अडचण मानली नाही. शंभर वर्षांनंतर 'करमणूक' हा शब्द उपग्रह वाहिन्यांच्या संदर्भात पुन्हा प्रचारात आला तेव्हा मात्र मराठी समीक्षेने त्याकडे अभिरुचीच्या ऱ्हासाचे लक्षण म्हणून पाहिले व विषय मिटवला. मराठीत आजवर लिहिल्या गेलेल्या कथनपर मजकुराचा एक फार मोठा भाग मालिकांच्या संहितांचा असूनही त्याविषयी आपल्याजवळ वृत्तपत्री टोमण्यांपलीकडे काही नाही. प्रस्तुत निबंधात एका वाहिनीचा, म्हणजे आधी 'अल्फा' व पुढे 'झी' या नावाने ओळखल्या गेलेल्या मराठी वाहिनीचा, कथनरूपाच्या अंगाने विचार करावयाचा आहे. गोष्ट कोणाला सांगितली जात आहे याची कल्पना बदलली की गोष्टीचा शेवट, तिचा उगम आणि तिची भाषा या तिन्ही गोष्टी कशा बदलतात, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

'झी टीव्ही' ही हिंदी वाहिनी २ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू झाली. सुभाष चंद्र यांनी हाँगकाँगच्या 'स्टार' समूहाशी भागीदारी करून उपग्रहावरील जागा मिळवली होती. योगायोग असा की, मुंबई दूरदर्शन केंद्राचा प्रारंभही २ ऑक्टोबरचाच, १९७२ सालचा. या दोन तारखांमध्ये शासन आणि बाजार अशी सरळ भिंत उभी करण्याचा मोह होतो. पण तो टाळला पाहिजे. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासूनच होत्या, आणि १९८४ ची 'हम लोग' ही मालिका प्रायोजित होती. मात्र 'हम लोग'च्या प्रेक्षकाचा आवाज पत्रांतून येत असे. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार प्रेक्षकांशी बोलत. पत्र लिहिणारा प्रेक्षक हा 'करमणुकी'च्या वाचकाचाच दूरचा वंशज होय: त्याला नाव असते, गाव असते, मत असते.

झीच्या पहिल्या पर्वात 'तारा', 'हम पाँच', 'अंताक्षरी', 'सा रे ग म' असे कार्यक्रम आले. यांपैकी कशाचाही येथे विस्तार करीत नाही. पण 'हसरतें' या मालिकेचा उल्लेख आवश्यक आहे, कारण तिचा आधार जयवंत दळवी यांची 'अधांतरी' ही कादंबरी होती. विवाहबाह्य संबंधाच्या ज्या कथानकाला हिंदी दूरचित्रवाणीच्या नव्या धीटपणाचे प्रतीक मानले गेले, ते एका मराठी कादंबरीतून आले होते. वाहिनी नवी होती, पण गोष्टींसाठी ती अजून ग्रंथालयाकडे वळत होती.

'अल्फा मराठी' १५ ऑगस्ट १९९९ रोजी सुरू झाली तेव्हा हे वळणे अधिक ठळक झाले. त्याच वर्षी झीने मर्डॉक यांच्या कंपनीचा हिस्सा विकत घेऊन जुनी भागीदारी संपवली, आणि प्रादेशिक भाषा हा तिच्या विस्ताराचा एक मार्ग ठरला. अल्फाच्या सुरुवातीच्या काळात 'पिंपळपान'मधून मराठी लेखकांच्या साहित्यकृती रूपांतरित होऊन आल्या. प्रतिमा कुलकर्णी यांची 'प्रपंच' आली. स्नेहलता दसनूरकर यांच्या लेखनावर 'अवंतिका' उभी राहिली. २००१ मध्ये सुरू झालेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' दिलीप प्रभावळकर यांच्या 'अनुदिनी'वर आधारलेली होती. 'अनुदिनी'चे रूप कुटुंबीयांच्या रोजनिशीचे आहे. रोजनिशीतील 'मी' पडद्यावर टिकवणे कठीण. कॅमेरा सर्वांकडे सारख्याच अंतरावरून पाहतो. तरीही आठवड्याला एक भाग, प्रत्येक भागात एक पुरा प्रसंग, आणि त्या प्रसंगाला स्वतःचा शेवट, ही मूळ पुस्तकाची घडण त्या मालिकेने सांभाळली. माझ्या पिढीतील अनेकांना टिपरे कुटुंब आठवते ते यामुळे, असे मला वाटते. आपण त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा पाहुण्यासारखे जात होतो.

या काळातील वाहिनीच्या मनात जो प्रेक्षक होता तो मध्यमवर्गीय, मुंबई-पुण्याचा, नाटकाला जाणारा, दिवाळी अंक घेणारा होता. ही कल्पना अपुरी होती, एकारलेली होती, आणि तिच्या बाहेर राहिलेला महाराष्ट्र फार मोठा होता. पण एक गोष्ट खरी की तो प्रेक्षक वाचक म्हणून कल्पिलेला होता. वाचकाला शेवट हवा असतो.

शेवटाचे काय झाले हे 'आभाळमाया'मध्ये दिसू लागते. १९९९ ते २००३ अशी चाललेली ही मालिका सुधा जोशी या स्त्रीच्या संसाराची, तिच्या नवऱ्याच्या दुसऱ्या संबंधाची आणि तिच्या उभे राहण्याची कथा सांगत होती. हे आशयसूत्र मराठी कादंबरीला परके नव्हते. एखाद्या लेखिकेने त्यावर दोनअडीचशे पृष्ठांची कादंबरी लिहिली असती आणि सुधाच्या निर्णयापाशी ती थांबली असती. मालिकेत निर्णय हा मध्य ठरतो. निर्णयानंतर मुली मोठ्या होतात, त्यांचे संसार सुरू होतात, आणि कथानक पुढील पिढीच्या दारात जाऊन उभे राहते. मला हा प्रकार सर्वस्वी निकृष्ट वाटत नाही. निर्णयानंतरचे दिवस कसे जातात हे आपली कादंबरी क्वचितच सांगते. 'आभाळमाया' ते सांगत होती. येथे लांबी अजून कथेच्या पोटातून येत होती.

जुलै २००० मध्ये 'स्टार प्लस'वर 'कौन बनेगा करोडपती' आणि 'क्योंकि सास भी कभी बहू थी' एकाच दिवशी सुरू झाल्या आणि हिंदीत झीचे पहिले स्थान गेले. त्याच महिन्यात 'ई टीव्ही मराठी' आली. तिच्यावरील 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालली व तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. नावात चारच दिवस असलेली मालिका अकरा वर्षे चालावी, यातील विनोद त्या काळातही अनेकांच्या लक्षात आला असणार.

येथे लांबीचे कारण बदलते, आणि ते तांत्रिक असल्यामुळे नीट समजून घेतले पाहिजे. नियमानुसार तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटे जाहिरातींना व वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीला देता येतात. म्हणजे अर्ध्या तासात कथेला चोवीसच्या आसपास मिनिटे उरतात, आणि तीही तुकड्यांत. प्रत्येक तुकड्याच्या अखेरीस प्रेक्षकाला धरून ठेवणारा 'हूक' लागतो. हरिभाऊंच्या प्रकरणालाही पुढील आठवड्याची ओढ लावावी लागे. पण ती सात दिवसांतून एकदा. रोजच्या मालिकेत ती दिवसातून तीनचार वेळा लावावी लागते. त्यातून घटनेपेक्षा घटनेची चाहूल महत्त्वाची होते: दार उघडते, चेहरा वळतो, जाहिरात लागते. लेखकाचे कामही विभागले जाते. कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. 'ट्रॅक', 'लीप', 'महाएपिसोड' या शब्दांनी जी परिभाषा बनते तीत 'शेवट' हा शब्द नाही. मालिका 'संपवली' जाते किंवा 'बंद होते'. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या; पण अपुरेपणा हा शेवटाच्या अपेक्षेमुळेच जाणवतो. मालिकेबाबत ती अपेक्षाच उरलेली नाही.

हे ठरवते कोण? आठवड्याचा आकडा. निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांवरून कोणती वाहिनी किती वेळ पाहिली गेली याचे मापन होते. पत्र लिहिणाऱ्या प्रेक्षकाच्या जागी हा मोजलेला प्रेक्षक आला. तो बोलत नाही. तो केवळ थांबतो किंवा निघून जातो. आणि त्याच्या निघून जाण्याचा अर्थ दर आठवड्याला एका बैठकीत लावला जातो. कथनमीमांसेत आपण ज्याला अभिप्रेत वाचक म्हणतो तो संहितेतून अनुमानाने काढावा लागतो. येथे तो संहितेच्या आधी, आकड्याच्या रूपात, टेबलावर हजर असतो.

२००४ मध्ये सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर'ने या शोधातला पुढचा टप्पा गाठला: आदेश बांदेकर घराघरांत गेले, आणि पैठणीसाठी खेळणारी गृहिणी स्वतःच कार्यक्रम झाली. गोष्टीची गरजच उरली नाही. हा कार्यक्रम २०२२ पर्यंत चालला. २००५ मध्ये 'अल्फा' हे नाव जाऊन 'झी मराठी' हे नाव आले. सर्व भाषांतील अल्फा वाहिन्यांचे असेच झाले. नावांतून कुटुंब एक झाले.

गोष्टींचा उगमही याच सुमारास सरकू लागला. झी टीव्हीवर २००९ मध्ये आलेली 'पवित्र रिश्ता' ही मालिका मुंबईच्या चाळीतील मराठी कुटुंबाची होती, उषा नाडकर्णी आणि सविता प्रभुणे तीत होत्या, आणि मूळ कथा मात्र 'तिरुमती सेल्वम्' या तमिळ मालिकेची होती. पुढे 'स्टार प्रवाह'वर 'आई कुठे काय करते' बंगालीतील 'श्रीमयी'वरून आली, 'रंग माझा वेगळा' मल्याळममधून. उलट झी मराठीवरील 'तुझ्यात जीव रंगला' कन्नडात गेली. देवाणघेवाण ही दोषास्पद गोष्ट नव्हे. मराठी कादंबरीची बाल्यावस्था रूपांतरांवरच पोसली आहे. फरक एवढाच की 'अधांतरी'च्या काळी गोष्ट लेखकाकडून घेतली जाई, आता ती जेथे एकदा मोजून झाली आहे तेथून घेतली जाते.

भाषेबाबत काय घडले हे मला सर्वांत विचार करायला लावते. प्रेक्षकमापनाची 'बार्क' ही नवी व्यवस्था २०१५ मध्ये आली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ग्रामीण भागाचे आकडे तीत धरले जाऊ लागले. त्यानंतर झी मराठीवर काय आले ते पाहावे: फेब्रुवारी २०१६ मध्ये कोकणातल्या वाड्यातील 'रात्रीस खेळ चाले', त्याच वर्षी नागपुरी बोलणाऱ्या राधिकेची 'माझ्या नवऱ्याची बायको' आणि कोल्हापूरची 'तुझ्यात जीव रंगला', २०१७ मध्ये सातारच्या बाजूची 'लागिरं झालं जी'. यांतील प्रत्येक निर्णय केवळ आकड्यांमुळे झाला असे म्हणण्याचा माझा दावा नाही. पण हा क्रम डोळ्यांआड करता येत नाही. ग्रामीण साहित्याच्या चळवळीने प्रमाणभाषेच्या मक्तेदारीविरुद्ध जे दशकानुदशके सांगितले, ते वाहिनीला ऐकू आले तेव्हा मोजण्याचे यंत्र गावात पोहोचलेले होते.

आणि बोली आली ती कोणत्या अटीवर? उद्धव शेळके यांच्या 'धग'मधील कौतिक वऱ्हाडी बोलते. त्या बोलीत तिची चीड आहे, हिशेब आहे, दारिद्र्याशी चाललेला तिचा विचारी झगडा आहे. राधिका नागपुरी बोलते तेव्हा ती बोली प्रथम तिच्या सरळपणाची खूण असते. समोरची शनाया प्रमाण, शहरी मराठी बोलते ती कावा म्हणून. 'तुझ्यात जीव रंगला'मध्ये पहिलवान राणा कोल्हापुरी बोलतो व शिक्षिका अंजली प्रमाण मराठी. येथे प्रमाणभाषा कावा नसून शिक्षण आहे, पण भोळेपण पुन्हा बोलीकडेच आहे. बोलीला नायकपद मिळाले, बुद्धी मात्र उशिरा व मोजून मिळाली. तरीही, ज्या घरांत आपली बोली प्रथमच रात्रीच्या मुख्य वेळेत ऐकू आली त्या घरांतील आनंद खोटा होता असे म्हणण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. माझ्या वर्गातील विदर्भाकडची एक विद्यार्थिनी राधिकेची नक्कल करीत असे. 'धग' शिकवताना तिनेच प्रथम हात वर करून कौतिकचे संवाद मोठ्याने वाचले, आणि ते मला कधी वाचता आले नसते असे वाचले.

२०२० नंतर 'स्टार प्रवाह' पुढे गेली आणि झी मराठीचे दीर्घकाळचे अग्रस्थान गेले. हा बदल कथनाच्या इतिहासात फारसा मोठा नाही. रूप तेच राहिले, घर बदलले.

याच विद्यार्थिनीने पुढे एम. फिल.साठी 'आभाळमाया' हा विषय घेण्याची इच्छा दाखवली. आम्ही दोघांनी संहिता शोधली. चार वर्षांचा मजकूर कोणी एका लेखकाने जपलेला नव्हता, कारण तो एका लेखकाचा नव्हता. काही सुटे भाग पाहायला मिळाले, काहींवर तारीख नव्हती. कोणता प्रसंग आधी आणि कोणता नंतर हे ठरवण्यासाठी ती आपल्या आईला फोन करीत असे. चार महिन्यांनी तिने विषय बदलून 'करमणूक' घेतले. त्याचे जुने अंक ग्रंथालयात बांधून ठेवलेले होते.