पोखरणचा माळढोक आणि लाल यादी

जैसलमेरच्या पोस्टिंगमध्ये एका पहाटे फायरिंग रेंजच्या कडेला गोडावण दिसला. गोडावण म्हणजे आपला माळढोक! मी सोलापूरकडचा. आमच्या नान्नजला १९७९ पासून माळढोकाचं अभयारण्य आहे, पण तिथे तो मला कधी दिसला नाही. दिसला तो इथे, तोफांच्या शेजारी.

एखादा जीव किती धोक्यात आहे, हे ठरवतं कोण? १९४८ साली फ्रान्समध्ये आययूसीएन ही संस्था स्थापन झाली. १९६४ पासून तिची लाल यादी सुरू झाली. आधी सगळी भिस्त तज्ज्ञांच्या अंदाजावर होती. १९९४ मध्ये आकड्यांचे निकष आले. प्रजननक्षम जीव २५० पेक्षा कमी उरले तर ‘संकटग्रस्त’, ५० पेक्षा कमी तर ‘अतिसंकटग्रस्त’. संख्या जास्त असली, तरी तीन पिढ्यांत ८० टक्के घट झाली की तीच शेवटची पायरी. त्यापुढे फक्त नामशेष होणं.

माळढोक २०११ मध्ये त्या पायरीवर गेला. शिकार झाली, माळ नांगराखाली गेले. आता विजेच्या तारा आहेत. या जड पक्ष्याला समोरची तार वेळेत दिसत नाही. त्यात मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते.

रेंजवर नांगर फिरत नाही, म्हणून तो इथे टिकला. फौजेत वरची रँक मिळाली की पेढे वाटतात. या यादीत वर चढणाऱ्याला मात्र पहाऱ्याची गरज असते. नान्नजला तो पहारा उशिरा पोचला. इथे अजून वेळ आहे.

जय हिंद.